बंडूचा मुतखडा, औषधी खाणं आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर द्यायला चार दिवस लावले. तिच्यातले काही मुद्दे माझ्या मूळ लेखात राहून गेले होते आणि ते दोन ओळींत आटोपण्यासारखे नाहीत. नव्याने वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. माझ्या बोक्याचा, बंडूचा, मुतखडा औषधी खाण्याने, म्हणजे डॉक्टर सांगतात त्या खास खाण्याने, विरघळला, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, हे खाणं म्हणजे कंपन्या आणि डॉक्टरांनी मिळून चालवलेला धंदा आहे. पिशवीवर मका आणि तांदूळ लिहिलेला असतो, वर मीठही जास्त. तुमच्या शेजारच्या मांजरीला असंच खाणं चार महिने घातलं तरी शेवटी ऑपरेशन करावं लागलं. सावंतवाडीच्या तुमच्या घरी मांजरं माशाची डोकी आणि भात खाऊन जगली, त्यांना कधी मुतखडा झाला नाही. आणि झालाच तर कुळथाचं पाणी द्यावं, खडा पडून जातो.

शेजारच्या मांजरीपासून सुरुवात करते. मला त्या सगळ्यात तीच हकिगत सर्वांत महत्त्वाची वाटली, आणि तिचं उत्तर बहुधा एका प्रश्नात आहे: काढलेला खडा कुठल्या जातीचा होता?

मांजरांच्या लघवीच्या पिशवीत सापडणारे बहुतेक खडे दोन जातींचे असतात. एक स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. पहिला विरघळतो. खाण्यातलं मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मर्यादेत ठेवलं, लघवी थोडी आम्लधर्मी आणि पातळ केली की तो खडीसाखरेसारखा झिजत जातो, बऱ्याचदा दोन ते पाच आठवड्यांत. दुसरा विरघळत नाही. कुठल्याही कंपनीच्या, कितीही महागड्या खाण्याने नाही. तो काढावाच लागतो आणि खाण्याचं काम त्यानंतर सुरू होतं, नवा खडा होऊ न देण्याचं.

म्हणून चार महिने हा आकडा वाचून मी थांबले. योग्य खाणं सुरू केल्यावर महिन्याभरात पुन्हा एक्स-रे काढायचा असतो. खडा लहान झाला असेल तर तेच चालू ठेवायचं. अजिबात फरक नसेल तर दोन शक्यता असतात: एक तर मांजर दुसरंही काही खातंय, नाहीतर खडा त्या जातीचाच नाही. कधी वरचा थर स्ट्रुव्हाइटचा आणि आतला गाभा ऑक्झलेटचा असाही निघतो. चार महिने वाट बघायला कुणी सांगितलं असेल, तर ती चूक सांगणाऱ्याची, त्या बिचारीची किंवा तिच्या घरच्यांची नाही. माझ्या मावशीच्या पर्शियन मांजरीच्या बाबतीत हेच झालं. दुकानदाराने ‘मुतखड्याचं खाणं’ म्हणून पिशवी हातात ठेवली, तिने ती इमानेइतबारे घातली, आणि खडा ऑक्झलेटचा निघाला. ही जात पर्शियन मांजरांत आणि उतारवयात जास्त दिसते, तेव्हा ती शंका पहिल्याच दिवशी यायला हवी होती.

इथे माझीही चूक मान्य करते. मी लेखाला ‘मुतखड्यावरचं खाणं’ असं नाव दिलं होतं. तसं एकच खाणं नसतं. मी ते नाव बदलते आहे.

ऑक्झलेटची गोष्ट तुमच्या कंपन्यांवरच्या रागाशीही जोडलेली आहे, म्हणून थोडं मागे जाते. 1981 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात खडे तपासणारं केंद्र सुरू झालं. तेव्हा तिथे आलेल्या मांजरांच्या खड्यांत सुमारे 78 टक्के स्ट्रुव्हाइट होते आणि ऑक्झलेट जेमतेम 2 टक्के. मग कंपन्यांनी मांजरांच्या साध्या खाण्यातलंही मॅग्नेशियम कमी केलं आणि लघवी आम्लधर्मी होईल अशी रचना केली. स्ट्रुव्हाइट घटले, पण ऑक्झलेट वाढत गेले आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं प्रमाण निम्म्याच्या पुढे गेलं. अनेक तज्ज्ञ याचं एक कारण त्या आम्लधर्मी खाण्यात बघतात. म्हणजे एका खड्यावरचा उपाय अति झाला की दुसऱ्या खड्याला वाट मिळते. तुमची शंका निराधार नाही, असं मी म्हणते ते याचसाठी. पण त्यातून निघतं ते एवढंच, की आधी खडा ओळखा. औषधी खाणं खोटं आहे, असं त्यातून निघत नाही.

आता बंडूचं सांगते. तो चार वर्षांचा, नसबंदी झालेला, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीत बसणारा सहा किलोचा बोका. एका रात्री तो त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये सात-आठ वेळा जाऊन बसला. मला वाटलं पोट साफ होत नाहीये. मग तो बाथरूमच्या कोरड्या फरशीवर बसला, शेपटी ताठ, आणि घशातून असा आवाज काढला की मी धावतच गेले. फरशीवर गुलाबी रंगाचा एकच थेंब होता. पोटाला हात लावला तर आत मोठ्या लिंबाएवढा कडक गोळा लागला. ती तुंबलेली लघवीची पिशवी होती. डॉक्टरांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून लघवी काढली, सिरिंज उभी धरली आणि मला दाखवली. तळाशी बारीक रव्यासारखा गाळ बसत होता. मी तो बोटांवर घेऊन चोळला, वाळूसारखा करकरीत.

त्या गाळावरून मात्र डॉक्टरांनी निदान केलं नाही, आणि ही गोष्ट मी मूळ लेखात लिहायला हवी होती. लघवीत स्फटिक दिसले म्हणजे खडा आहे असं नाही. नमुना फ्रीजमध्ये ठेवला किंवा तासन्‌तास पडून राहिला तरी त्यात स्फटिक तयार होतात. त्यांनी ताजी लघवी तपासली, तिचा पीएच 7.5 आला, एक्स-रेत पिशवीत दोन गोल खडे दिसले, मोठा 4 मिलिमीटरचा. वय कमी, लघवी अल्कधर्मी, स्फटिक स्ट्रुव्हाइटचे. या सगळ्याची गोळाबेरीज करून त्यांनी स्ट्रुव्हाइटचा अंदाज बांधला आणि सांगितलं, तीन आठवड्यांनी एक्स-रे सांगेल आपण बरोबर आहोत का. विरघळता खडा लहान होऊन मार्गात अडकू शकतो, तेव्हा ट्रेवर नजर ठेवायचं बजावलं. तिसऱ्या आठवड्यात एक खडा गेला होता, दुसरा पुसट झाला होता. पाचव्या आठवड्यात पिशवी स्वच्छ होती. या काळात त्याला घरातला दुसरा एक घासही दिला नाही. माझ्या सासूबाईंनी जेवताना दार लावून घेतलं, बोंबलाचा वास त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून.

खाण्याच्या पिशव्यांवरची नावं वाचायची सवय मला तेव्हा लागली. फार्मिना कंपनीच्या व्हेट लाइफ या औषधी खाण्यांमध्ये ‘स्ट्रुव्हाइट’ ही खडा विरघळवण्यासाठी, ‘स्ट्रुव्हाइट मॅनेजमेंट’ तो पुन्हा होऊ नये म्हणून, आणि ‘ओसालाती’ ऑक्झलेटवाल्यांसाठी, अशा वेगळ्या पिशव्या असतात. हिल्सचं एस/डी विरघळवण्यासाठी आहे, सी/डी विरघळवण्यासाठीही चालतं आणि पुढेही चालू ठेवता येतं. रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ दोन्ही टप्प्यांवर देतात. दुकानात कुणालाही मिळणारं ‘युरिनरी केअर’ लिहिलेलं साधं खाणं हे यांच्या बरोबरीचं नाही, ते खडा विरघळवेल अशी आशा ठेवू नये. आणि औषधी खाण्यावर वरून लघवी आम्लधर्मी करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीच देऊ नयेत.

मिठाबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. यातल्या काही खाण्यांत मीठ मुद्दाम जास्त असतं. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, तहान कमी, लघवी अतिशय घट्ट. मीठ वाढलं की मांजर जास्त पाणी पितं आणि लघवी पातळ होते. निरोगी, वयस्कर मांजरांना दोन वर्षं असं खाणं घालून पाहिलं, तेव्हा मूत्रपिंडांना अपाय दिसला नाही. पण ज्याची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत, रक्तदाब वाढलेला आहे किंवा हृदय कमजोर आहे, त्याला ते देऊ नये. म्हणून सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यायला सांगा, त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं. लहान पिल्लं आणि गाभण मांजरींनाही हे खाणं नको.

मक्याचं एवढंच सांगते, की खडा विरघळवताना पिशवीवरचा पहिला शब्द बघायचा नसतो. मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि लघवीचा अपेक्षित पीएच बघायचा असतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. 60 ग्रॅम कोरड्या दाण्यांत जेमतेम 5 मिलिलिटर पाणी असतं. तेवढंच पोट भरणाऱ्या, 85 ग्रॅमच्या तीन ओल्या पाऊचांत सुमारे 200 मिलिलिटर. चार किलोच्या मांजराला दिवसभरात साधारण तेवढंच पाणी लागतं. मांजर वाटीतून ती तूट कधीच पुरती भरून काढत नाही. खडा कुठल्याही जातीचा असो, लघवी पातळ राहणं दोन्हींत उपयोगाचं. त्यामुळे ओलं औषधी खाणं परवडत असेल तर ते, नसेल तर कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून. बंडूने पहिले चार दिवस भिजवलेल्या दाण्यांकडे पाठ फिरवली. मी एक चमचा पाण्यापासून सुरुवात केली आणि दहा दिवसांत अर्ध्या वाटीपर्यंत गेले. दिवसभर उपाशी मात्र ठेवू नका, लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृत बिघडतं.

आणि इथेच तुमच्या सावंतवाडीच्या मांजरांचं गुपित आहे, असं मला मनापासून वाटतं. ताज्या माशाची डोकी, त्यांच्या पाण्यात कालवलेला मऊ भात. त्या खाण्यात पाणीच जास्त होतं. ती मांजरं परसात, माडाखाली हवी तेव्हा लघवी करत होती, उंदरांमागे धावत होती, अंगाने सडपातळ होती. माझा बंडू दिवसभर खिडकीत बसतो, सहा किलोचा आहे आणि कोरडे दाणे खात होता. दोघांची तुलना करून खाण्याला दोष देता येत नाही. शिवाय आजोळी आपण सगळ्यांनीच ऐकलेलं एक वाक्य आठवा: ‘बोका बाहेर पडला तो परत आलाच नाही.’ तो कशाने गेला हे कुणी बघितलं नाही. लघवी तुंबलेला बोका अडगळीत जाऊन लपतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. त्यांच्यातल्या कुणालाच मुतखडा नव्हता, हे आपल्याला कसं कळणार?

आज खडा झालेल्या मांजराला मात्र मासे-भात घालू नका. काट्यांसकट सुकट आणि सुके बोंबील म्हणजे फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि मीठ. नुसतं उकडलेलं चिकनही पुरं पडत नाही, कॅल्शियमचं गणित बिघडतं. आणि टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल, कमी पडलं तर मांजराचं हृदय बिघडतं, हे 1987 मध्येच सिद्ध झालंय.

कुळथाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. माणसाचा मुतखडा ‘पडावा’ म्हणून आपण वाट बघतो, घरोघरी कुळथाचं कढण होतं, माझ्या वडिलांनीही ते प्यायलं आहे. पण बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी एखाद्या मिलिमीटरएवढा, कधी त्याहूनही अरुंद असतो. पिशवीतला खडा तिथे उतरला की अडकलाच. बोक्याच्या बाबतीत खडा पडणं हीच आपत्ती असते. रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं, कधी दोन दिवसांतच. म्हणून तो जागच्या जागी विरघळवायचा किंवा काढायचा. बोका वारंवार बसतोय आणि थेंबही येत नाहीये, तर रात्र उजाडायची वाट बघू नका. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, मांजराला ती जीवघेणी असते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

एक राहिलं. लघवीला त्रास होणाऱ्या बऱ्याच मांजरांना खडा नसतोच. पिशवीला सूज असते आणि तिचा संबंध बहुधा ताणाशी असतो. अशा वेळी विरघळवायला खडाच नसतो. ‘खाणं घातलं, काही उपयोग झाला नाही’ अशा तक्रारींत ही मांजरंही असतात.

धंदा म्हणाल, तर पिशवी महाग आहे आणि मलाही ती जड जाते. पण बंडूसाठी ऑपरेशन, भूल आणि टाके टळले, हेही त्याच हिशेबात धरते. मला हे खाणं कुणी फुकट देत नाही.

तुमच्या शेजाऱ्यांना एक विचारा. ऑपरेशनमध्ये निघालेला खडा त्यांना दिला होता का? बरेच डॉक्टर तो छोट्या डबीत घालून देतात. असेल तर कोरड्या डबीतच ठेवा, फॉर्मलिनमध्ये नको, त्याने तपासणी फसते. त्यांच्या डॉक्टरांमार्फत तो तपासायला पाठवता येईल. त्या मांजरीने पुढे काय खावं हे त्या खड्यावरच ठरणार आहे, आणि ऑक्झलेट निघाला तर तिचं रक्तातलं कॅल्शियमही तपासून घ्यायला हवं. काय निघालं ते मला जरूर कळवा.