भिंत जाड आहे म्हणून भूकंपात टिकेल, हे खोटं आहे

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जुनी दगडी भिंत दोन फूट जाड असते, शंभर वर्षं उभी आहे, आपल्याकडे भूकंप होत नाही, बळकटी वगैरे पैसे काढायचे धंदे, सिमेंटचा गिलावा मारला की झालं. घरातली वडीलधारी माणसं हे वाचून निवांत बसलीत, मला त्याचीच भीती वाटते.

भूकंप होत नाही म्हणे! किल्लारीचा भाग 1993 आधी नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, 30 सप्टेंबरच्या पहाटे 6.2 चा धक्का बसला आणि हजारो माणसं गेली. बेळगाव तर 2002 च्या नकाशात झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात होतं.

आता जाडी. किल्लारीतल्या भिंती जाडच होत्या की, आणि त्याच अंगावर आल्या. अशी भिंत एकसंध नसतेच, बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, मध्ये माती आणि बारीक दगड कोंबलेले, दोन्ही थरांना धरून ठेवणारं काही नाही. हादरा बसला की मधला भराव खाली बसतो, थर फुगून सुटतात आणि वरचं माळवद मातीसकट खाली येतं. शंभर वर्षं तिनं वरून येणारं वजन पेललंय, आडवा धक्का ही वेगळीच गोष्ट आहे.

गिलाव्यानं भेगा झाकतात, थर जोडले जात नाहीत.

आणि बळकटी म्हणजे घर पाडणं नव्हे. भिंतीत ठरावीक अंतरानं आरपार भोक घ्यायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली 8 एमएमची सळी ठेवून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतात. मग दारं-खिडक्यांच्या वर, आतून-बाहेरून, घराभोवती वेल्डेड जाळीचा पट्टा, कोपऱ्यांवर उभी जाळी. जाळीखालचा जुना गिलावा खरवडून सांधे मोकळे करायचे, पाणी मारायचं, मगच सिमेंट. भोक पाडताना घण अजिबात घालायचा नाही, गवंड्याला शेजारी उभं राहून सांगा, दगड पहारीनं हळू हलवत काढायला लावा. आणि भिंतीला आधीच पोट आलं असेल तर तिच्यावर जाळी मारून उपयोग नाही, छताला टेकू देऊन तेवढा भाग उतरवायचा आणि आरपार दगड घालत परत बांधायचा.