गाळणी नव्हे, अधिशोषण
द्रावणातला रंग काढणाऱ्या सक्रिय कोळशाला (म्हणजे मुद्दाम भरपूर सच्छिद्र बनवलेल्या कोळशाला) तुमच्या लेखात ‘बारीक गाळणी’ म्हटलंय, ते पटलं नाही. रंगाचे रेणू चाळणीसारखे अडत नाहीत, ते कोळशाच्या छिद्रांतल्या पृष्ठभागाला चिकटतात, हेच अधिशोषण. एका ग्रॅममध्ये साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो! मी औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात होतो. पिवळट द्रावणात कोळशाची पूड टाकायची, गरम ठेवून ढवळायचं, मग पूड गाळून काढायची, की द्रावण नितळ. पूड जास्त पडली तर औषधही तिलाच चिकटतं आणि उत्पादन घटतं. शिवाय कुठलाही कोळसा चालत नाही. करवंटीच्या कोळशाची छिद्रं अतिसूक्ष्म, म्हणून वायू शुद्ध करायला किंवा सायनाइडच्या द्रावणात विरघळलेलं सोनं ओढून घ्यायला तो उत्तम. रंगाच्या मोठ्या रेणूंसाठी लाकडाचा बरा. हा फरक लेखात यायलाच हवा होता.