चित्रकलेचा तास आणि पोचा आलेला तांब्या

आज सकाळी नातीच्या शाळेतील पालकसभेला मुलाबरोबर गेले होते. सहावीपासून चित्रकलेचे आठवड्यातले दोन्ही तास गणिताच्या सरावाला देण्याचा प्रस्ताव तिथे मांडण्यात आला आणि पाच मिनिटांच्या आत तो मंजूरही झाला. एका पालकांनी तर टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाकावर गप्प बसून राहिले, त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझे चित्र कधीच चांगले नव्हते. शाळेत आमच्या सरांनी प्रत्येकीला घरून एक भांडे आणायला सांगितले होते आणि मी आईचा पितळी तांब्या नेला होता. तासभर घाम गाळून मी सुबक, गुळगुळीत तांब्या काढला. सरांनी कागद हातात घेतला, टेबलावरच्या तांब्याकडे पाहिले आणि विचारले, "हा तांब्या कुणाच्या घरचा?" त्याच्या पोटाला डावीकडे चांगला बोटभर पोचा होता, आणि तो मी रोज घासत असूनही माझ्या चित्रात आला नव्हता. पुढचे तीन तास मी फक्त तो पोचा काढत होते, कारण उजेड त्याच्या एका कडेवर पडून दुसऱ्या कडेला कसा बुडतो, ते काही केल्या कागदावर उतरत नव्हते.

आता कुणी म्हणेल, याचा पोटापाण्याशी काय संबंध? अहो, आपण बडोद्यात राहतो! आपली मुले ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जावीत म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो, त्याला अजूनही सगळे गाव कलाभवन म्हणते. सयाजीरावांनी 1890 मध्ये ते सुरू केले तेव्हा तिथे चित्रकला, सुतारकाम आणि रंगकाम एकाच छपराखाली शिकवले जाई, आणि दादासाहेब फाळके तिथेच शिकले. ज्या राजाने 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याने राजा रविवर्म्याकडून चित्रे काढून घेतली आणि आपल्या घराण्याचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवायला चित्रकार नंदलाल बोस यांना शांतिनिकेतनाहून बोलावले. तो हिशेबात कच्चा होता, असे मी तरी कधी ऐकलेले नाही.

बरे, एवढे मान्य करते की पुष्कळ शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे फळ्यावरचे दोन डोंगर, मधला सूर्य आणि एक झोपडी उतरवून घेणे एवढाच असतो, आणि तसा तास गेल्याचे दुःख कुणी करू नये. पण गणिताचे शिक्षक वाईट निघाले म्हणून गणिताचा तास कुणी बंद केल्याचे मला आठवत नाही.

इथवर तावातावाने लिहिले, आणि आता हात जरा अडखळतो आहे, कारण आज सभेत हात वर करणाऱ्यांत माझा मुलगाही होता. घरी येताना त्याला बोलायला मी तोंड उघडले आणि मिटले. तो आठवीत असताना त्याची रंगांची पेटी मीच माळ्यावर टाकली होती. "दहावी झाली की देईन" असे म्हटले होते, आणि दहावीनंतर त्याने ती मागितली नाही. सरांचा प्रश्न आयुष्यभर मिरवणारी मी, त्या दिवशी मला तो प्रश्न आठवला नाही.

संध्याकाळी नात शाळेच्या परिपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी काढत बसली होती. तोच तांब्या होता, देवघराजवळ असतो तो. सुबक, गुळगुळीत. मी काही बोलणार, इतक्यात तिच्या बाबाने चहाचा कप घेऊन जाता जाता वाकून पाहिले आणि म्हणाला, "अगं, आजीच्या तांब्याला डावीकडे पोचा आहे, तो कुठे गेला?"