साम आणि भेद कुठे गेले?

"माणूस दोनच गोष्टींना वाकतो, भीती आणि लोभ. ज्याच्या हातात चाबूक आणि थैली, समाज त्याच्या मागे. बाकी सगळी भाषणं." असा एक मेसेज सध्या फिरतोय. खाली पुरावा म्हणून मॅकियाव्हेलीचं, म्हणजे राज्य कसं राखावं यावर लिहिणाऱ्या जुन्या इटालियन विचारवंताचं नाव. मेसेज चटकदार आहे, निम्मा खराही आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी चाबूक. २१ डिसेंबर १९८९, बुखारेस्ट. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू बाल्कनीत उभा, खाली जमवून आणलेली गर्दी. काही दिवसांपूर्वीच टिमिशोआरा शहरात निदर्शकांवर गोळ्या झाडलेल्या, म्हणजे धाक ताजा होता. भाषण सुरू झालं आणि मध्येच गलका उठला. तो हात वर करून "अलो, अलो" करत राहिला, जणू फोनच कट झालाय. गर्दी जरा शांत झाल्यावर त्याने थैली उघडली: किमान पगार २००० वरून २२०० लेई! चाबूक आणि थैली एकाच बाल्कनीत, तरी लोक वाकले नाहीत. दुसऱ्या दिवशी छतावरून हेलिकॉप्टरने पळाला आणि २५ तारखेला त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

तोवर वर्षानुवर्षं लोक गप्प होते ते बंदुकीमुळे, हे खरंच. पण त्याहून जास्त, शेजारचा गप्प आहे म्हणून. चार जण ओरडले आणि तो हिशेब क्षणात फिरला. धाक असतो तो असा, एकमेकांच्या अंदाजावर उभा.

आता लोभ. पैशाचं भय किंवा आमिष दाखवलं की माणूस सरळ येतो, असं गृहीत धरलं जातं. इस्रायलमधल्या हैफात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. उशीर वाढला! आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता उशीर विकतच घेता येत होता. दंड काढला तरी लाज परत आली नाही. (हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.) पैशाने माणसं बांधता येतात, पण त्याआधी जे फुकट मिळत होतं ते गमवावं लागतं.

मॅकियाव्हेलीबद्दल थोडक्यात. प्रेम आणि भीती दोन्ही जमत नसतील तर भीती बरी, असं तो म्हणतो खरा. पण लगेच पुढे बजावतो की लोकांचा द्वेष ओढवून घेऊ नका, त्यांच्या मालमत्तेला हात लावू नका. मेसेजवाल्याने पान उलटलेलं दिसत नाही.

मग समाज ज्यांच्या मागे जातो ती माणसं वर चढतात कशी? आपल्याकडे चार उपाय सांगितलेत. मेसेजने दाम आणि दंड तेवढे उचलले. साम पहिला आहे, आणि खरं काम करतो भेद. कुठल्याही समितीत बघा. होऊ घातलेला पुढारी धमकी देत नाही, पाकीटही देत नाही. चहा घेताना बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "तुमचं नाव निघालं होतं हो बैठकीत. मीच सांभाळून घेतलं." तेच वाक्य पुढच्या टेबलावर दुसऱ्याला. महिनाभरात कुणी कुणाशी मोकळं बोलत नाही, सगळे त्याच्याशी बोलतात.

आणि हा मेसेज? त्याने मला घाबरवलं नाही, काही देऊही केलं नाही. तरी तीन जणांनी मला तो पाठवला.