तात्या गेले

माझा बालमित्र बाळ्या गेली ३८ वर्षं जबलपूरला आहे. कानाला यंत्र. फोनवर मी बोलायला लागलो की ते यंत्र शिट्टी मारतं आणि बाळ्या ‘कोण? कोण?’ करत माझी चौकशी माझ्याकडेच करतो. व्हॉट्सअ‍ॅप आहे, पण फोन सूनबाईंच्या हातात, त्यामुळे सूनबाईंबद्दल काही लिहायची-विचारायची सोय नाही. उरलं पत्र. महिन्याला एक, असा आमचा करार आहे, आणि वाईत राहून तो पाळणारा शहाणा मी.

पहिली अडचण कागद मिळवण्याची. पोस्टाच्या खिडकीत ‘एक अंतर्देशीय द्या’ म्हटलं की आतला मुलगा अशा नजरेनं बघतो, जणू मी पावशेर अफू मागितली. मग कपाट उघडतं, कसल्याशा चळती हलतात आणि तळातून निळा कागद बाहेर येतो. किंमत अडीच रुपये, म्हणजे सुट्यांचा प्रश्न. तो मिटवायला मी दहाची चार घेतो आणि घरी ‘एवढी कशाला? वर घेऊन जायचीत?’ हे ऐकतो. पोस्टकार्ड ५० पैशांत येतं, नाही असं नाही. पण त्यावर घरची बातमी लिहायची म्हणजे मंडईतल्या फळ्यावर लिहिल्यासारखंच.

शाळेत मायना शिकवला तेव्हा ‘इकडील सर्व क्षेम’ हे आधी लिहायचं आणि मग मजकूर, असं गुरुजींनी बजावलं होतं. ती सवय सुटलेली नाही. त्यामुळे माझी पत्रं अशी होतात : इकडील सर्व क्षेम. आई न्हाणीघरात घसरली. माझी शुगर वाढली आहे. धाकट्याची नोकरी गेली. मांजर व्यायली, ती तुझ्या वहिनीच्या शालूवर.

हा झाला कच्चा खर्डा. तो घरात फिरतो.

“अहो, नोकरी गेली काय लिहिताय? दुसरी बघतोय असं लिहा.”

“बघत नाहीये गं तो. झोपलाय.”

“ते जबलपूरला कशाला कळवायचं? आणि शुगरचं खोडा. मागच्या वेळी त्यांनी कारल्याचा रस कळवला, तो करायला मीच होते.”

शालूचं तर नावच काढायचं नाही, कारण तो बाळ्याच्याच बायकोनं दिलेला. एवढ्यात पलंगावरून आईचा आवाज येतो, “माझ्या गुडघ्यांचं लिहिलंस का?” गुडघे दोन, दोन्ही स्वतंत्रपणे दुखतात, आणि डाव्यावर उजव्याच्या ओळी गेलेल्या आईला चालत नाहीत. शेवटी तीन घड्यांच्या कागदावर दीड घडी गुडघे आणि उरलेलं मांजर, शालू वगळून.

मग बाळ्याची तक्रार येते, ‘तू गावाचं काही लिहीत नाहीस.’

गावाचं लिहायचं म्हणजे त्याच्या डोक्यातल्या गावाला उत्तर द्यायचं. तो विचारतो ते भजीवाले गेले, त्यांचा मुलगा गेला, त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. कृष्णेवरचा जुना पूल पाडून नवा बांधला हे कळवलं तर त्यानं लिहिलं, ‘मग आपण नावं कोरली होती त्या दगडाचं काय केलं?’ आता हे मी कोणाला विचारू? मेणवलीच्या घाटावर कुठल्या सिनेमाचं शूटिंग चाललंय हे कळवावं, तर पत्र पोचेपर्यंत त्यांनी उभा केलेला खोटा बाजार मोडून ट्रकमध्ये भरलेला असतो.

पुराचं तसंच. धोम धरणातून पाणी सोडलं की नदी ढोल्या गणपतीपाशी येते. १७६२ साली रास्त्यांनी ते देऊळ बांधताना मागची भिंत माशासारखी निमुळती केली, येणारं पाणी तिच्यावर दुभंगावं म्हणून. एका ऑगस्टात मी उत्साहानं लिहिलं, ‘पाणी पायऱ्यांना लागलं!’ पत्राला जायला नऊ दिवस, उत्तराला यायला अकरा. ‘सामान माळ्यावर चढवा, काकूंना खाली ठेवू नका’ हा बाळ्याचा निरोप मी वाचला तेव्हा आळीतला पाइप फुटून नळाला तीन दिवस पाणी नव्हतं आणि मी बादली घेऊन रांगेत उभा होतो.

पण ही सगळी किरकोळ प्रकरणं. मुख्य प्रकरण तात्यांचं.

तात्या म्हणजे आमचे शेजारी, वय ८६, निवृत्त तलाठी. दिवाळीनंतर ते आणि काकू दोन महिने लेकीकडे गेले. माझं पत्र चिकटवायच्या बेतात असताना ही म्हणाली, “तात्यांचं लिहिलंत का?” जागा कुठली? शेवटच्या घडीच्या समासात कशीबशी ओळ बसवली : तात्या गेले साताऱ्याला लेकीकडे.

त्यातलं ‘तात्या गेले’ समासात राहिलं. ‘साताऱ्याला लेकीकडे’ डिंकाच्या पट्टीखाली गेलं. बाळ्या अंतर्देशीय भाजी चिरायच्या सुरीनं उघडतो.

पुढच्या पत्रात त्यानं लिहिलं, ‘बातमी वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.’ मला वाटलं, गुडघ्यांबद्दल. मन भरून आलं. आईलाही वाचून दाखवलं.

कृष्णाबाईच्या उत्सवाला तात्या परतले. कुलूप काढलं तर दाराच्या फटीतून आत पडलेलं विजेचं बिल, आणि त्याखाली जबलपूरचं पत्र, काकूंच्या नावे. घरात आलेला कागद आधी तात्या वाचतात. अर्ध्या तासानं ते आमच्या ओट्यावर हजर.

“तुझा तो मित्र लिहितो, मी त्यांना चिंचा पाडताना पकडलं पण कधी मारलं नाही. अरे, मारलं होतं मी! चांगला फोक काढून!”

“हो तात्या. मलाही.”

“आणि ‘अल्पशा आजाराने’ म्हणतो. कोणता आजार? नोंद अपुरी आहे. शिवाय सगळ्या मिळून नऊ ओळी. एवढ्यात आटपलं मला.”

असलं पत्र घरात ठेवू नये म्हणून काकू ते फाडायला निघाल्या होत्या. तात्यांनी भोकं पाडून फाइलला लावलं. आता येईल त्याला चहाबरोबर वाचून दाखवतात. काकूंचाही विरोध मावळलाय. “इतकं चांगलं यांच्याबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं,” म्हणाल्या.

दुरुस्तीचं पत्र मात्र तात्यांनी समोर बसून लिहवून घेतलं. “सातबाऱ्यावरच्या मयतासारखं माझं नाव कंसात गेलंय, फेरफार झाला पाहिजे.” नोव्हेंबरात बँकेत दिलेल्या हयातीच्या दाखल्याची झेरॉक्सही ते घेऊन आले होते. अंतर्देशीयाच्या आत काही ठेवू नये अशी छापील ताकीद असते, ती चष्मा लावून त्यांनी स्वतः वाचली. सरकारी ताकीद म्हटल्यावर मुकाट्यानं झेरॉक्स घडी करून खिशात घातली.

मी ‘इकडील सर्व क्षेम’ लिहिलं. प्रथमच ते अक्षरशः खरं होतं. पण पलंगावरून आवाज आलाच आणि उजवा गुडघा सुरू झाला. मग डावा. तात्यांना मी म्हटलं, थांबा, तुमचं शेवटी ठळक लिहितो.

लिहिलं. चिकटवलं. तात्या जातीनं पेटीपर्यंत आले आणि पत्र स्वतःच्या हातानं आत सोडलं. ते तळाला टप्प करून पडलं, तेव्हा मला शेवटची ओळ आठवली. ‘तात्या परत आले’ इथं समास संपला होता. ‘साताऱ्याहून’ डिंकाखाली होतं.