‘वय अधिक १००’ हे बीपीचं सूत्र चुकीचं का आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच राहतो: वयात १०० मिळवा, वरचं बीपी तेवढ्यापर्यंत असेल तर ते नॉर्मल, १४०/९० ही मर्यादा औषध कंपन्यांनी गोळ्या खपवण्यासाठी काढली, घरचं मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, म्हणून ते बिनकामाचं, डोकं दुखत नसेल तर बीपी नाहीच, आणि आकडा नॉर्मल आला की गोळी बंद करा. पाठवणारे आपलेच लोक असतात आणि काळजीपोटीच पाठवतात. पण हे वाचून कोणी गोळी सोडली, तर त्याची किंमत पक्षाघाताच्या रूपात मोजावी लागू शकते. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासू.

आधी सूत्र. वय वाढतं तशा रक्तवाहिन्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो, हे खरं आहे. पण पुष्कळांना होतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. मोतीबिंदूही उतारवयात पुष्कळांना होतो, तरी ‘या वयात चालायचंच’ म्हणून आपण तो तसाच सोडत नाही.

या सूत्राला खोडून काढणारा पुरावाही आहे. ‘हायवेट’ या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात ८० वर्षं आणि त्यापुढचे ३,८४५ रुग्ण होते. सरासरी वय ८३च्या पुढे, वरचं बीपी सरासरी १७३. सूत्र लावलं तर यांची मर्यादा १८३ येते, म्हणजे यातला सरासरी रुग्ण ठणठणीत! प्रत्यक्षात एका गटाला औषध दिलं आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी निघालं, आणि चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच थांबवली गेली.

याचा अर्थ प्रत्येक वृद्धाचं बीपी १२० वर आणायचं असा नाही. अंगात अशक्तपणा असेल, उठून उभं राहिल्यावर घेरी येत असेल, तर डॉक्टर लक्ष्य जरा वर ठेवतात. बसून किंवा आडवं होऊन मोजलेलं वरचं बीपी उभं राहिल्यावर तीन मिनिटांत २० किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावं. म्हणजे लक्ष्य माणूस बघून ठरतं, जन्मतारीख बघून नाही.

औषध कंपन्यांवरच्या आरोपाचं काय? मर्यादा काळानुसार खाली आली, यात लपवण्यासारखं काही नाही. २०१५ सालची ‘स्प्रिंट’ ही चाचणी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने करवली. ५० वर्षं आणि त्यापुढचे ९,३६१ लोक त्यात होते. ज्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदय कमकुवत होणं अशा घटना मिळून सुमारे पाव हिश्श्याने कमी झाल्या. त्याच गटात बीपी फार उतरणं आणि चक्कर येऊन पडणं जास्त दिसलं, तेही अहवालात नोंदवलेलं आहे. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी १३०/८० ही रेषा आखली; इतर अनेकांनी १४०/९० कायम ठेवली. तज्ज्ञांमधला वाद १३० की १४० असा आहे. १७० ठीक आहे असं त्यातलं कोणीच म्हणत नाही.

आता मशीन. माझ्या मते संदेशातला सर्वात घातक भाग हाच, कारण तो माणसाच्या हातातलं साधनच काढून घेतो. तीनदा मोजलं, तीन आकडे आले, म्हणजे मशीन खोटं, हा तर्क वरवर पटतो. पण बीपी स्थिर नसतंच. हृदयाचे दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके पडतात आणि बोलणं, चालणं, चिंता, झोप यांनुसार दाब सतत बदलतो. आठ-दहा अंकांचा फरक शरीराचाच असतो.

शिवाय मशीन काम कसं करतं तेही बघा. पट्टा फुगून दंडातली धमनी दाबतो, मग हवा हळूहळू सुटते आणि रक्ताच्या धक्क्यांनी पट्ट्यातल्या हवेत बारीक थरथर उमटते. मशीन ती थरथर टिपतं आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा हिशोबाने काढतं. अशा वेळी तुम्ही बोललात किंवा बोटं हलवलीत, की स्नायूंची हालचाल त्या थरथरीत मिसळते आणि हिशोब बिघडतो.

दोष बहुतेक वेळा मोजण्याच्या पद्धतीत असतो. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने जास्त येतो, बाजूला लोंबकळत ठेवला तर ६-७ ने. जाड दंडाला दोन मापं लहान पट्टा बांधला तर जवळजवळ २० ने! एवढ्यात नॉर्मल माणूस रुग्ण ठरतो.

म्हणून आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून यावं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा बाहीवरून नको, उघड्या दंडावर बांधावा, आणि हात टेबलावर असा टेकवावा की पट्टा हृदयाच्या उंचीला येईल. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावं, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. आलेला प्रत्येक आकडा लिहावा, न आवडलेलाही. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर ती दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीची समजतात.

मशीन दंडाचं आणि अचूकतेची चाचणी झालेलं घ्यावं, आणि एकदा डॉक्टरांकडे नेऊन ताडून बघावं. नाडी अनियमित असेल तर आकडे जास्त हलतात, तेही त्यांना सांगावं. घरची नोंद डॉक्टरांना हवीच असते, कारण काहींचं बीपी फक्त दवाखान्यात चढतं, तर काहींचं तिथे नॉर्मल दिसून घरी वाढलेलं असतं. हे दुसऱ्या प्रकारचे लोक घरी मोजल्याशिवाय सहसा सापडतच नाहीत.

डोकेदुखीबद्दल थोडक्यात: वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवत नाही आणि तरीही वर्षानुवर्षं मूत्रपिंड, डोळे, हृदय, मेंदू यांना इजा करत राहतं. १८०/१२० च्या वर आकडा आला तर काही मिनिटं शांत बसून पुन्हा मोजावं. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूला अशक्तपणा किंवा दिसण्यात फरक असेल, तर दुसऱ्या मोजणीची वाट न बघता तातडीच्या उपचारांसाठी निघावं.

राहिला गोळी बंद करण्याचा सल्ला. गोळी चालू असताना आकडा नॉर्मल आला, तर तो गोळीमुळे आलेला असतो. ती थांबवली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत बहुतेकांचं बीपी पुन्हा चढतं. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर डोस कमी होऊही शकतो, आणि त्या वेळी आठवडाभराची घरची नोंदच डॉक्टरांच्या कामी येते. पण बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणाऱ्या गोळ्या) किंवा क्लोनिडीन हे बीपीचं औषध अचानक सोडलं तर ठोके आणि बीपी उसळी मारू शकतात. त्यामुळे गोळी कमी करायची झाली तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या टप्प्यांनीच करावी, आणि तेव्हाही रोज मोजत राहावं.