‘९९.९ टक्के’ नेटवर्क आणि गड्ड्यावरचा फोन

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज चौघांनी टाकला. सार असं: देशाचं टेलिफोन नेटवर्क ९९.९ टक्के वेळ चालू असतं, कॉल ड्रॉप दोन टक्क्यांच्या आत आहेत, तरी धास्ती वाटत असेल तर दोन कंपन्यांची सिम ठेवा, आणि लँडलाइनचे दिवस आठवून गप्प बसा. सोलापुरात नवी पेठेत माझं चादरींचं दुकान आहे, निम्मा धंदा फोनवर चालतो. गप्प कसा बसू?

आधी ते ९९.९. वर्षाचे तास ८,७६०, त्याचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. हे तास रोज रात्री मिनिट-दीड मिनिट करून गेले तर कुणाला पत्ताही लागणार नाही. दिवाळीच्या आदल्या शनिवारी सलग गेले तर सीझन बुडाला. आकडा दोन्हीकडे तोच. त्यात आपल्या महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे टेलिफोनवाल्यांच्या विभागात, मुंबई नाही, पण गोवा आहे. सर्कलची सरासरी काढली की सांगोल्याच्या वस्तीवरचा बंद टॉवर पणजीच्या चालू टॉवरात विरघळतो.

आणि टॉवर चालू म्हणजे फोन लागतो, हे कुणी सांगितलं? संक्रांतीला गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेत, होम मैदानावर उभं राहून घरी फोन लावून बघा. काड्या फुल्ल, टॉवर शंभर टक्के चालू, आणि कानात नुसतं टूं टूं. याचं गणित शंभर वर्षं जुनं आहे, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग नावाच्या गणितज्ञाचं. टॉवरला एकावेळी ३० कॉल घेता येतात असं धरा. तासाला प्रत्येकी तीन मिनिटं बोलणारी सुमारे ४४० माणसं असतील, तर शंभरातले दोनच फोन अडतात. माणसं दुप्पट झाली की अडणारे फोन चार होत नाहीत, पस्तीसच्या आसपास जातात. मग जो तो परत परत लावतो आणि गर्दी आणखी वाढते. फोरजीत आवाजाची व्यवस्था वेगळी आहे, पण जागा मोजकीच आणि माणसं लाखांत, हे तिथेही सुटत नाही. विश्वास मोजायचा तर गर्दीच्या तासाला मोजा, पहाटे तीनचा हिशेब काय कामाचा!

कॉल ड्रॉपचा आकडा तर मजेशीर. त्यात फक्त लागलेले आणि मग आपोआप तुटलेले कॉल येतात. न लागलेला फोन त्यात नाही. परवा हैदराबादचा व्यापारी रंग सांगत होता, “लाल चाळीस, हिरवी...” आणि पुढे शांतता. मी दोन मिनिटं हॅलो-हॅलो केलं आणि वैतागून स्वतःच कट केला. कागदावर हा कॉल यशस्वी! रेडिओ लिंक टाइमआउट म्हणून एक सेटिंग असतं, सिग्नल बिघडल्यावर कॉल किती वेळ धरून ठेवायचा याचं. ते वाढवलं की तुटणारे कॉल कमी दिसतात, ऐकू मात्र काहीच येत नाही. ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१५ मध्ये तुटलेल्या कॉलला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३ रुपये, अशी भरपाई ठरवली होती. मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली.

दोन सिमचा सल्ला वाईट नाही, मीही ठेवतो. पण दोन्ही कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर, एकाच बॅटरीवर असतात, हे बऱ्याच ठिकाणचं चित्र आहे. ९९ टक्क्यांची दोन नेटवर्क एकमेकांपासून खरंच वेगळी असतील तर दोन्ही एकदम बंद असण्याची वेळ वर्षाला ५३ मिनिटं. दोघांच्या केबल एकाच चरातून गेल्या असतील तर जेसीबीचा एक घाव आणि हिशेब संपला.

राहिली लँडलाइन. नंबरासाठी वर्षानुवर्षं वाट, ट्रंक कॉल बुक करून बसणं, पावसात खरखर, हे सगळं कबूल. पण लोडशेडिंगमध्ये अख्खी गल्ली अंधारात असताना आमचा काळा डबा वाजायचा, कारण त्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून त्याच तांब्याच्या तारेने यायचे. आज वीज गेली की घरातला वायफाय तिथल्या तिथे मरतो, आणि टॉवरची बॅटरी संपेपर्यंतच मोबाइलला काड्या असतात.